शुद्ध माणिक

साहेब भेसळ पकडणाऱ्या खात्यात नोकरीला होते आणि संध्याकाळी ते खातं घरी घेऊन यायचे. दूध नाकाशी धरून हुंगल्याशिवाय घरात चहा होत नसे. शेजारणीने उसनी नेलेली वाटीभर साखर परत केली, तरी साहेब ती चाळून बघत. माणूस प्रामाणिक होता, वादच नाही. पण प्रामाणिक माणसाने दुसऱ्यांच्या डोक्याला इतका ताप द्यावा, असं कुठे लिहिलेलं नाही.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा बायकोने पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "अहो, लालभडक खड्याची अंगठी आणा. लहानपणापासून मनात आहे. बाकी काही नको मला."

साहेब एकटेच सराफाकडे गेले. तिथेच घोळ झाला. सराफाने माणकाची सुरेख अंगठी पुढे ठेवली, आणि साहेबांनी सवयीने विचारलं, "यात काय काय आहे?"

सराफालाही माहिती द्यायची भारी हौस. "मूळ दगड बिनरंगी असतो, साहेब. जमिनीत तयार होताना त्यात क्रोमियमचा अंश शिरला की झालं लाल माणिक. त्याच दगडात लोखंड आणि टायटॅनियम शिरलं की निळा नीलम."

"शिरलं म्हणजे? बाहेरचं?"

"हो, पण त्यामुळेच तर..."

"म्हणजे भेसळ!"

"अहो, निसर्गाने केलेली!"

"दुधात पाणी सापडलं की दूधवालाही पावसाचंच नाव सांगतो. आणि तो हिरवा?"

"पाचू. दगड वेगळा, पण रंग बहुतेक वेळा क्रोमियमचाच."

"एकच आरोपी दोन ठिकाणी!" साहेब कडाडले. "टोळी आहे ही! मला शुद्ध दाखवा."

सराफाच्या कपाटात अंगठीत बसवलेला एक बिनरंगी खडा कधीचा धूळ खात पडला होता. गिऱ्हाईक बघायचं आणि तोंड वाकडं करून खाली ठेवायचं. सराफाने तो फुंकर मारून पुढे केला आणि पुढे एक अक्षर बोलला नाही. धंद्यात गप्प बसायलाही अक्कल लागते.

संध्याकाळी दीर-जाऊ जेवायला आले होते. बायकोने सगळ्यांसमोर डबी उघडली आणि तिचा चेहरा पडला.

"अहो, यात लाल कुठाय?"

"लाल हीच तर भेसळ! तुला बिनभेसळीचं माणिक आणलंय."

जावेने अंगठी दिव्यासमोर धरली. "भाऊजी, ही तर काच! पुसलीये मात्र झकास."

सगळे खो खो हसले. साहेबांना चेव आला. जेवण गार होईपर्यंत ते शुद्धतेवर बोलत राहिले, आणि कुणी विचारलेलं नसताना नीलमाचाही पंचनामा केला. बायको आत ओट्यापाशी उभी राहून रडली. पंचवीस वर्षांत एक गोष्ट मागितली आणि नवऱ्याने तिचीही तपासणी केली, याचं तिला फार वाईट वाटलं. साहेबांना यातलं काही कळलं नाही. माणसाच्या चेहऱ्यावरचं वाचायला त्यांच्या खात्याने कधी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्याआल्या ते खुर्चीत बसले. "चहा आण गं."

कप आला. साहेबांनी घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "हे नुसतं गरम पाणी आहे!"

"शुद्ध चहा आहे."

"पावडर कुठाय यात?"

"पावडर बाहेरची. ती शिरली की रंग येतो. दूध बाहेरचं, साखरही बाहेरची. तुम्हाला चालायची नाही."

कप पुढे सरकवताना तिच्या बोटात काहीतरी लालभडक चमकलं. साहेबांचे डोळे विस्फारले. "अंगठी बदललीस?"

"सकाळीच. सराफ म्हणाला, तो खडा हव्या तितक्या वेळा परत आणा, फक्त साहेबांना आणू नका."

साहेबांनी पाण्याकडे बघितलं, अंगठीकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं. ती हसत नव्हती. चहाची तलफ तर अशी आली होती की डोकं ठणकत होतं.

"दोन चमचे भेसळ घाल," ते खाली मान घालून म्हणाले, "आणि चांगली उकळू दे."