भेगेवरचा पडदा

रायपूरहून पुरातत्त्व खात्याची मशीन येणार आणि भिलाईच्या कोहका भागातल्या जुन्या शिवमंदिराची इंच न् इंच मोजणी होणार, हे कळल्यापासून शामरावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मंदिर समितीचे अध्यक्ष तेच, आणि मंदिराच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेलेली. मोजणी कशासाठी, ते पत्रात लिहिलं होतं म्हणे. पण हिंदी अशी जड, की तीनदा वाचून गोंधळ तेवढा तिप्पट झाला. जवळच्या रिसालीतली जुनी पाण्याची टाकी मात्र त्यांना पक्की आठवत होती. आधी मोजली, मग धोकादायक ठरली, मग पाडली.

"मंदिराले कुलूप लागलं तर मी सकाळी जाऊ कुठं?" त्यांच्या पत्नी भागाबाईंनी विचारलं. लग्न होऊन भिलाईला आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या पिंडीवर पाणी घालत आल्या होत्या.

शामरावांची सारी नोकरी पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये, रूळ बनवण्यात गेलेली. साहेबांचा राउंड म्हटला की झाडू आणि रंगाचा डबा घेऊन धावायचं, ही सवय हाडीमाशी खिळली होती. त्यांनी भेगेवर गणपतीच्या मांडवातला पडदा ताणला. पडदा वाऱ्याने उडायला लागला, म्हणून भागाबाईंचं अख्खं भजनी मंडळ भिंतीला पाठ लावून बसवलं. गायचं, पण हलायचं नाही, अशी ताकीद दिली.

मृणाल नावाची तरुण इंजिनियर आली. तिपाईवर डब्याएवढं यंत्र ठेवून तिने समजावलं, की यातला लेझर जिथे जिथे आपटतो तिथला ठिपका टिपला जातो आणि अशा कोट्यवधी ठिपक्यांतून मंदिर जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उभं राहतं. शामरावांनी मान डोलावली. कळलं काहीच नाही. बायकांना उठवा, असं ती म्हणाली, तेव्हा मात्र त्यांनी अखंड भजन मोडलं तर काय काय होतं ते इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मराठी घरातल्या त्या पोरीने पुन्हा विषय काढला नाही.

दुपारी लॅपटॉप मिटत ती म्हणाली, "आनंदाची बातमी काका. मागची भिंत ठणठणीत दिसतेय. तुमचं नाव यादीतून काढते."

"कोणती यादी?"

"दुरुस्तीची. जिथे पडझड झालीय, तिथलं काम पावसाळ्याआधी करायचंय. पत्रात लिहिलं होतं की."

शामराव मटकन पायरीवर बसले. दुरुस्तीसाठी सात वर्षं अर्ज केले ते त्यांनीच, आणि दुरुस्ती दारात आली तर तिच्यापुढे पडदा धरला तोही त्यांनीच.

भागाबाई उठल्या, पडदा ओढून काढला आणि भेगेत कोपरापर्यंत हात घातला. "पाहून घे बाई. सकाळपासून मी हेच दाबून बसून राहिली."

मृणाल आधी हसली, मग तिने घड्याळ पाहिलं. पुढच्या मोजणीला दुर्गला जायच्या आधी यंत्राची एकच फेरी होण्यासारखी होती. तिने सगळ्यांना आवाराबाहेर काढलं, यंत्र सुरू केलं आणि फाटकाबाहेर चहा घेत उभी राहिली.

शामरावही बाहेर गेले, पण त्यांना चैन पडेना. सकाळी यंत्राला एवढी भेग दिसली नव्हती. आताही नाही दिसली तर? ते मागच्या बाजूने आत शिरले आणि भेगेवर बोट ठेवून, श्वास आवरून, फेरी संपेपर्यंत तसेच उभे राहिले.

महिन्याभराने पत्र आलं. या खेपेला वाचायला नात रोशनी होती. दुरुस्ती मंजूर झाली होती. शामरावांनी डोळे पुसले. रोशनीने पान उलटलं आणि ती फिस्सकन हसली. सोबतच्या चित्रात राखाडी ठिपक्यांचे शामराव भेगेकडे बोट करून उभे होते. खाली कार्यालयातल्या कुणीतरी टीप दिली होती. रोशनीने ती मराठीत सांगितली: "पाषाणमूर्ती, पुरुष. काळ अनिश्चित, हेतू अज्ञात. दुरुस्तीच्या वेळी जागेवरून हलवू नये."

भागाबाईंनी चष्मा लावून चित्र नीट पाहिलं.

"हेतू तर मलेबी चाळीस वर्सांत नाही समजला," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी मिस्त्री येतील, तवा तुमी जाऊन उभे राहा जी. कागदावर हाय अन् जाग्यावर नाही, असं झालं तर पुन्हा यादीतून काढतील."