विनोद : सौम्य ते मध्यम

फुफ्फुसं हळूहळू कडक होत जातात अशा आजारावरचं एक नवं औषध चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात होतं आणि माझे वडील त्या चाचणीत दाखल झाले होते. पहिल्या टप्प्यात औषध धडधाकट माणसांना देऊन ती धडधाकटच राहतात का ते पाहतात. दुसऱ्यात ते आजाऱ्यांना देतात. औषधाला अजून नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता.

"तुरुंगातून सुटून आलंय वाटतं," बाबा म्हणाले.

चाचणी केंद्रातल्या समन्वयक बाईंनी पेनाचं टोपण काढलं. अर्ध्या रुग्णांना खरी गोळी मिळेल, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कोरी, आणि कोणाला कोणती हे डॉक्टरांनाही माहीत नसेल, असं त्यांनी समजावलं.

"डॉक्टरांना माहीत नसतं हे नेहमीचंच. लेखी दिलेलं पहिल्यांदाच पाहतोय."

बाकावरचे बाकीचे रुग्ण खोकत खोकत हसले. बाईंनी काहीतरी लिहिलं.

बाबांनी आयुष्यभर दातांच्या कवळ्या बनवल्या. गिऱ्हाईक पोटभर हसल्याशिवाय कवळी नीट बसली की नाही ते कळत नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम. त्यामुळे विनोद त्यांच्या हत्यारांच्या पेटीतच असायचा, कानशीच्या शेजारी.

गोळी सुरू झाल्यानंतरच्या भेटीत बाईंनी गंभीरपणे विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

"काय?"

"विनोद."

"माझ्या जन्माच्या आधीपासून," मी म्हटलं.

बाईंनी मागचं पान दाखवलं. पहिल्या तपासणीच्या वेळी श्वास मोजायची नळी बाबांच्या तोंडात होती. त्यामुळे तिथे नोंद होती : 'विनोद आढळला नाही.' आणि चाचणीत जे आधी नव्हतं आणि नंतर दिसलं, त्याचा संशय गोळीवर.

"तीव्रता सांगा. सौम्य, मध्यम की तीव्र?"

"ते ऐकणाऱ्याच्या प्रकृतीवर आहे, ताई. तुमच्यावर काहीच उपाय चालेना," बाबा म्हणाले.

बाईंनी 'मध्यम'वर खूण केली. बाकावरची मंडळी हसत असल्यामुळे 'इतरांत पसरतो' असंही लिहिलं. प्रकरण सुरक्षा समितीकडे गेलं आणि समितीने कळवलं, की लक्षण पुन्हा दिसल्यास गोळी बंद.

घरचा जिना चढताना बाबा मधल्या पायरीवर थांबले. "ही गोळी गेली तर दुसरं काही नाही गं," ते म्हणाले. त्या वाक्यात कुठेही विनोद नव्हता; मी नीट ऐकलं.

मग आम्ही गंभीर होण्याचा सराव केला.

"काहीतरी दुःखाचं आठवा."

"काय आठवू?"

"आई गेली तो दिवस."

"तुझी आई आठवली की मला हसूच येतं. त्या दिवशीसुद्धा माझा सदरा उलटा आहे म्हणून ओरडली होती."

शेवटी त्यांनी दातांच्या डॉक्टरांच्या वार्षिक सभेतली भाषणं आठवायची ठरवली. ती अचूक लागू पडली. पुढच्या भेटीत ते असा चेहरा करून बसले, की बाईंनी ताबडतोब लिहिलं : 'उदासी. नवीन.' आणि त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

"तुम्हाला आनंद कशाने होतो?" तज्ज्ञांनी विचारलं.

"सांगितलं तर गोळी बंद होईल."

तज्ज्ञ खुर्चीवरून पडेपर्यंत हसले. आता गोळी न घेतलेल्या माणसातही लक्षण दिसल्यामुळे समितीला मोठी बैठक बोलवावी लागली. सगळ्या सदस्यांना सोयीची तारीख काही केल्या मिळेना. बाबा त्याआधीच गेले. शेवटपर्यंत त्यांची गोळी चालू राहिली, हे समितीचे उपकार.

नंतर बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "नोंद पूर्ण करायची होती. विनोद थांबले का?"

"नवे थांबले," मी म्हटलं.

"मग 'लक्षण पूर्ण बरं झालं' असं लिहिते."

चाचणी संपल्यावर, कोणाला कोणती गोळी होती ते लिहिलेली बंद पाकिटं उघडली. बाबांची गोळी कोरी होती. निकालाच्या तक्त्यात विनोदाची वेगळी ओळ आहे. कोरी गोळी घेणाऱ्यांत रुग्ण : एक. खरं औषध घेणाऱ्यांत : शून्य. औषध कंपनीच्या तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला, की फुफ्फुसांवर औषधाचा विशेष परिणाम दिसत नाही, मात्र विनोदाला ते पूर्ण आळा घालतं. कंपनी हरखून गेली. फुफ्फुसांच्या रुग्णांपेक्षा हे गिऱ्हाईक फार मोठं आहे. बऱ्याच कार्यालयांनी आगाऊ मागण्या नोंदवल्याचं ऐकते.

तिसऱ्या टप्प्यासाठी आता मनापासून हसणारी माणसं हवी आहेत आणि ती मिळत नाहीत. ती शोधायला मदत व्हावी, म्हणून केंद्राच्या विनंतीवरून मी ही हकीकत लिहून दिली आहे. वाचताना कुठे हसू आलं असेल, तर केंद्राला कळवावं. गोळी फुकट मिळेल. कुठेच आलं नसेल, तर तसदी घेऊ नये. तुमची गोळी केव्हाच सुरू झालेली आहे.