भय्यासाहेबांच्या फ्रिजमधला नायट्रोजन

गुणवंत थर्मास छातीशी धरून घरात शिरला आणि म्हणाला, "कोणी शिंकू नका."

पासष्टचं युद्ध चालू होतं. जबलपूरच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात तो केमिस्ट होता. नायट्रोजनच्या अणूंची साखळी असलेला एक पदार्थ त्याने महत्प्रयासाने वेगळा केला होता. थर्मासमधल्या काचेच्या नळीत मोहरीएवढे स्फटिक, गारव्यात शहाण्यासारखे राहायचे, ऊब किंवा धक्का लागला की भडका. नेमकं आज प्रयोगशाळेतलं बर्फाचं यंत्र बिघडलं. कांचघर मोहल्ल्यातल्या त्यांच्या गल्लीत फ्रिज एकच, गुणवंतच्या वडिलांचा, भय्यासाहेबांचा. गोऱ्या साहेबाच्या लिलावातला.

"माह्या फ्रिजमध्ये बॉम्ब?" भय्यासाहेब गरजले. जन्म रेल्वेत गार्ड म्हणून गेल्यामुळे ते घरातही इंजिनावर मात करूनच बोलत.

"बाबा, हळू! आवाजानंही फुटतं ते."

"फुटलं तर घर जाईल?"

"घर नाही. फ्रिज जाईल."

"अच्छा," भय्यासाहेब एकदम कुजबुजले. "सांभाळून ठेव."

त्यांनी चपला काढल्या. सुनेचा, विनताचा खलबत्ता जप्त केला. दारावर ओरडणाऱ्या भाजीवाल्याला त्यांनी हात जोडले, "भैया, धीरे. अंदर सामान है."

संध्याकाळी ब्लॅकआउटचा भोंगा झाला, विमानांना दिसू नयेत म्हणून गल्लीने दिवे मालवले. भय्यासाहेबांना राहवेना. दर थोड्या वेळाने ते फ्रिज उघडून बघत, आणि दर वेळी आतला दिवा खिडकीतून गल्लीभर लखलखे. शेवटी वॉर्डन श्यामसुंदर शिट्टी फुंकत आत आला.

"दुश्मन को इशारा कर रहे हो क्या?"

भय्यासाहेबांनी त्याच्या तोंडातली शिट्टीच काढून घेतली. चिडलेल्या श्यामसुंदरने मेन स्विच पाडला, फ्यूज खिशात घातला आणि निघून गेला. फ्रिज गप्प झाला. भय्यासाहेब त्याच्यापुढे पाट टाकून बसले आणि हातपंख्याने त्याला वारा घालत राहिले.

सकाळी ते आंघोळीला गेल्यावर गुणवंतने फ्रिजमधून नळी काढली. आत काहीच नव्हतं.

"गेला!" त्याने नळी उलटी करून पाहिली. "हळूहळू तापला, साखळी सुटली, नायट्रोजन उडून गेला."

"कुठं?" विनताने विचारलं.

"हवेत. आपणच श्वासात घेतला असेल. आता कारखान्यात साहेबांपुढे पुन्हा पहिल्यापासून सगळं. बाबांना तरी सांगतो, बिचारे जागून राहिले."

"काहून सांगता?" विनताने त्याचा हात धरला. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मले या घरात चिमणी ऐकू आली."

तिने रिकाम्या नळीला कापसाचा बोळा लावला, ती जागच्या जागी ठेवली आणि फ्रिजचं दार अलगद लोटलं. भय्यासाहेब चवड्यांवर चालत आले.

"बाबा," विनता हळूच म्हणाली, "हे म्हणतात, अजून महिनाभर ठेवावं लागते."

भय्यासाहेबांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. एवढ्या मोठ्यानं बोलल्याबद्दल ते सुनेवर रागावले होते.