साळूबाईची गूळतुला

लालासाहेबांनी गावच्या देवीपुढं जीभ जरा सैल सोडली. पोरगं जयराज मिलिटरीत भरती झालं, तर त्याच्या आईची गुळानं तुला करीन, असं भर मंडपात बोलून बसले. (स्वतःची बोलले नाहीत. माणूस हुशार.) जयराज झाला भरती. ऊस घरचा, गूळ घरचा. पण लालासाहेब असे की कपाळाचा अंगारासुद्धा झटकून पुडीत भरतील. त्यांनी साळूबाईंकडं डोळे भरून पाहिलं. लग्नानंतर एवढं निरखून पहिल्यांदाच, आणि तेही कशासाठी, तर ही भरंल किती!

साळूबाईंची पाळी नुकतीच गेलेली. कंबर थोडी सुटली होती, एवढंच. मधूनच अंगातून वाफा निघत आणि ऐन थंडीत त्या पदरानं वारा घेत बसत. लालासाहेबांनी निदान केलं, "चरबी वितळाय लागलीया. आता थांबायचं न्हाई."

मग घरात उपवासांची पलटण उतरली. बहुतेक वार देवांना वाटून टाकले, उरलेल्या वारांना ताकाचं पाणी. जेमतेम घरापुरतं ठेवून बाकी दूध सगळं डेअरीला. सकाळी दूध घालायला जाताना बायकोलाही न्यायचे आणि किटल्या उतरल्या की त्याच काट्यावर तिला चढवायचे. रांगेतल्या जोतीरामानं एकदा विचारलंच, "लालासाब, वैनीला फॅट किती लागली?" रांग हसली. साळूबाई पाठ धरून खाली उतरल्या.

पाठ दुखते हे त्यांनी सांगितलं नव्हतं असं नाही. लालासाहेबांनी तो उपवासाचा गुण धरला. आणि गल्लीतल्या बायका काय कमी? वैनी किती बारीक झालासा, पोरगी दिसतासा, म्हणून हरभऱ्याच्या झाडावर चढवत होत्या. साळूबाईंनाही ते गोड लागायचं. उपाशीपोटी दुसरं गोड होतंच कुठं!

तुलेच्या दिवशी मंडपाच्या तुळईला तराजू टांगला. एका पारड्यात साळूबाई मांडी घालून बसल्या. दुसऱ्यात गुरवानं ढेपा रचल्या, पण त्या जुन्या, भरल्या अंगाच्या साळूबाईंच्या अंदाजानं. गुळाचं पारडं भुईला टेकलं आणि साळूबाई माणसांच्या डोक्याबरोबर वर गेल्या. गुरव एकेक ढेप काढणार होता, पण लालासाहेबांना दम निघेना. एवढा गूळ वाचलेला बघून त्यांनी दोन्ही हातांनी कव मारली आणि मावतील तेवढ्या ढेपा एका दमात उचलल्या.

साळूबाई धपकन फरशीवर आल्या. आवाज काही मोठा झाला नाही. "आयंऽ" एवढंच म्हणाल्या, आणि त्यांना उठता येईना.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. मणका चेपला होता. पाळी गेली की बाईचं हाड आतून विरळ व्हायला लागतं, त्या समजावत होत्या. अंगानं बारीक असली तर धोका जास्त, आणि उपाशी मारून वजन उतरवलं की चरबीबरोबर हाडही झिजतं. लठ्ठ व्हा असं नाही, पण पोटभर खायला पाहिजे, दूध पाहिजे. मग त्यांनी विचारलं, "या वयात वजन उतरवायला यांना सांगितलं कुणी?"

लालासाहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

"देवीनं," साळूबाई म्हणाल्या.

पट्टा आला, गोळ्या आल्या. साळूबाई दोन बोटं बुटक्या झाल्या त्या झाल्याच. आता घागर उचलायची नाही, वाकायचं नाही. पारड्यात बसायचं तर नावच नाही. आणि गुरव तर ऐकेना. पारडी सारखी झालीच नव्हती, म्हणजे नवस अंगावरच होता. बाई बसत नसेल तर बोलला त्यानं बसावं, असा त्यानं निवाडा दिला.

लालासाहेब बसले. (साळूबाईंच्या वाटणीची साय वाया जाऊ नये म्हणून एवढे दिवस तेच खात होते.) त्यांनी श्वास ओढून पोट आत घेतलं, पण तराजूला पोट दिसत नाही. गुरव ढेपा चढवत राहिला. पारडं हलेना. घरचा गूळ संपला. लालासाहेब म्हणाले, उतरतो आणि दुकानातनं आणतो.

साळूबाई समोर खुर्चीत होत्या, पट्ट्यात ताठ. त्यांना अंग वळवता येत नव्हतं, म्हणून नवऱ्याकडं सरळच बघत होत्या.

"आवं, उतरू नगा," त्या शांतपणे म्हणाल्या. "पाठ मोडती. गूळ लोक आणत्यात."