अर्ध्या सेकंदाचे परिपत्रक

शाळेसमोरच्या वळणापासून रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांपर्यंतचे अंतर तीस मीटर भरले. मोजणीदाराने फीत दोनदा लावली, कारण त्याची स्वतःची लेक रोज तिथूनच पलीकडे जात होती. ताशी साठच्या वेगातली गाडी थांबायला पंचेचाळीस मीटर घेते. त्यातले पंचवीस तर मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या दीड सेकंदातच संपतात. वेग चाळीसवर आणा, सव्वीस मीटरांत काम भागेल, असे त्याने लिहून दिले.

प्रस्तावावर चारशे बारा हरकती आल्या. सगळ्या त्याच शाळेतल्या पालकांच्या. चाळीसने गेलो तर मुलांना शाळेला उशीर होईल, असे त्यांचे म्हणणे होते.

साहेबांनी कागद पाहिला. "अहो, वेगाला कशाला हात लावता? लोक अंगावर येतात. हा दीड सेकंद कुणी मंजूर केला?"

"कुणी नाही साहेब. माणसाला तेवढा लागतोच."

"लागतोच म्हणजे? कमी कर म्हणून आपण कधी सांगितलंय का त्याला?"

झालं! आठवड्याभरात परिपत्रक निघाले: सर्व चालकांनी यापुढे अर्ध्या सेकंदात ब्रेक दाबावा. आता कागदावर गाडी अठ्ठावीस मीटरांत थांबू लागली. तीस मीटरांतले दोन वाचवल्याबद्दल विभागाचे अभिनंदनही झाले. सही करताना मोजणीदाराचा हात काही अडला नाही.

परिपत्रकाचा फलक लावायला तो साहेबांना गाडीत घालून निघाला.

"दामटा जरा," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "फोटोवाला खोळंबलाय."

काटा साठवर गेला. वळण संपले, आणि समोर पट्ट्यांवर पाठीला दप्तर लावलेली त्याची लेक.

परिपत्रक त्याला तोंडपाठ होते, पायाला नव्हते. गाडी पट्ट्या ओलांडून पंधरा मीटर पुढे जाऊन थांबली. पोरीने मागे उडी मारली होती, म्हणून वाचली. दार सताड उघडे टाकून तो धावत सुटला आणि त्याने तिला घट्ट कवटाळले.

"बाबा... तू होतास?"

गाडीतून साहेब ओरडले, "अर्धा सेकंद सांगितला होता ना? लेखी खुलासा द्या!"

तेवढ्यात रस्त्यात उभ्या गाडीमागे हॉर्न वाजला. तो वाजायला अर्धा सेकंदसुद्धा लागला नाही. ती मागची गाडी तुमचीच होती, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तुम्हालाही उशीर होत होता, एवढेच आम्हाला माहीत आहे.