जावई हरता कामा नये

रविराज धोंड्याच्या जेवणाला दिंद्रुडला यायला तयार झाला, पण एका अटीवर. ट्रॅक्टरचा विषय निघता कामा नये.

दिवाळीत सासऱ्यांचा ट्रॅक्टर मागे घेताना त्याने तो थेट कडब्याच्या गंजीत घातला होता. गंजी जागची हलली नाही, पण चार माणसांसमोर बद्रीनाथराव म्हणाले होते, "पाव्हणं, मागं सरायचं तर बैलबी आधी मान वळवितो!" माणसं हसली. रविराज हसला नाही. तेव्हापासून सासरा-जावयाचं बोलणं बंद झालं आणि राजनंदिनीची टपालपेटी झाली. उमापूरला नवरा म्हणायचा, "तुझ्या वडलाला सांग." दिंद्रुडहून वडील फोनवर म्हणायचे, "तुझ्या मालकाला सांग." अधिक महिना लागला आणि जावई जेवायला आला नाही तर भावकीत काय तोंड दाखवायचं, या काळजीने तिच्या आईची, कौशल्याबाईंची झोप उडाली.

राजनंदिनी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. दोन माणसं एकमेकांकडे बघायला तयार नसतील, तर दोघांना एकाच तिसऱ्या वस्तूकडे बघायला लावावं, असा तिने हिशेब मांडला. ती वस्तू तिला ठाऊक होती. रविराजने शाळा बुडवून गेवराईच्या स्टँडमागे व्हिडिओ गेमच्या दुकानात दिवस काढले होते. बद्रीनाथरावांनी त्याच्या कितीतरी आधी माजलगावात हेच केलं होतं, फक्त कॉलेज बुडवून. गेमही एकच होता. एक लाल पैलवान, एक निळा पैलवान, आणि मरेस्तोवर हाणामारी.

म्हणून जेवणाच्या आदल्या दिवशी ती एकटीच माहेरी आली आणि बैठकीतल्या जुन्या संगणकासमोर बसली. तो गेम कंपनीने आता फुकट खुला केला होता. फक्त तो चालवायला त्या जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम लागत होता. त्याला इम्युलेटर म्हणतात.

"म्हंजे सोंगाड्या," बद्रीनाथराव लांब पलंगावरून म्हणाले.

"तसंच समजा, आप्पा. हा संगणक आता त्या मशीनचं सोंग घेणार."

सोंग लवकर वठेना. इम्युलेटर म्हणे, फायली सापडत नाहीत. त्या तर समोर दिसत होत्या. तिने पुन्हा सूचना वाचल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. गेमची झिप फाईल बांधलेली होती तशीच ठेवायची होती, तिने ती सोडून आतलं सगळं बाहेर काढलं होतं.

"गाठोडं सोडायचंच न्हवतं व्हय?" आप्पा पलंगावरून खुर्चीवर आले.

तिने फाईल पुन्हा बांधून ठेवली. पडदा काळा झाला आणि त्यावर कसलीतरी अक्षरं भराभर सांडत गेली.

"बिघडलं..." राजनंदिनी पुटपुटली.

"कशाचं बिघडलं!" आप्पा खुर्चीतून उठले. "हेच! अगं, सकाळी मशीन चालू केलं की अशीच अक्षरं पडायची! आता घंटी वाजंल बग!"

टण्ण करून घंटी वाजली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा चेहरा असा उजळताना तिने पाहिला नव्हता. त्यांचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशात गेला.

"आप्पा, नाणं नको. पाचचा आकडा दाबा."

त्यांनी दाबला. आणि मग, खात्री करायला, आणखी बऱ्याचदा दाबला.

तिने डावीकडची अक्षरं वडिलांना दिली, उजवीकडचे बाण आणि आकडे जावयाला. प्रत्येक बटण एकेक करून तपासलं. सगळी चालली. तेवढ्यात कौशल्याबाई पुरणाचा हात तसाच घेऊन दारात आल्या.

"ऐका. उद्या जावई म्हंजे साक्षात देव हाय. त्यो हरता कामा नये."

"म्हंजे मी हरू?"

"सरळ हरा. न्हाईतर मला तोंड दावू नका."

राजनंदिनीला आतून हसण्याच्या उकळ्या फुटल्या. आणि तिथल्या तिथे विरल्याही. कारण कालच उमापूरला तिने नवऱ्याला तासभर समजावलं होतं, "आप्पांचा मान राखा. डाव त्यांना सोडा." आणि बरीच कुरकुर करून तो कबूल झाला होता.

तिने लगेच फोन लावला. रविराजचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी तो आला तो थेट माणसांच्या घोळक्यातच, कारण शेजारच्या परमेश्वरकाकांनी 'बद्रीनाथ आन् जावयाची कुस्ती' अशी हाळी देऊन निम्मी आळी बैठकीत आणून बसवली होती. तिने लांबून नवऱ्याला डोळ्याने खुणावलं, जिंका, जिंका. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि मान डोलावली, काळजी करू नको, हरतो.

डाव सुरू झाला.

आप्पांचा लाल पैलवान या टोकाला, जावयाचा निळा त्या टोकाला. बद्रीनाथरावांनी तीन बटणांवर तीन बोटं खुंट्यांसारखी रोवली आणि आपला पैलवान कोपऱ्यात दबकून बसवला. रविराजचा पैलवान तोंड पुढे करून हळूहळू चालत आला आणि मार खायला समोर उभा राहिला. कुणी कुणाला बोटही लावेना. वेळ संपली. बरोबरी.

"काय रं हे," परमेश्वरकाका ओरडले, "कुस्ती लावलीय का सोयरीक जमवायलेत?"

दुसरी फेरीही तशीच. अगदीच लाजिरवाणं दिसू नये म्हणून रविराजने एक हलकीशी बुक्की मारायचं ठरवलं. बटण दाबलं. पैलवान ढिम्म. पुन्हा दाबलं.

"हे चालंना."

राजनंदिनीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्वस्तातला कीबोर्ड! एका वेळी फार बटणं दाबली की उरलेल्यांची त्याला दखलच घेता येत नाही. आप्पांनी हरण्यासाठी रोवलेल्या बोटांनी जावयाचे हातपाय बांधून टाकले होते. एकेक बटण तपासणाऱ्या भौतिकशास्त्राच्या बाईंनी दोन माणसांची बटणं एकदम दाबून पाहिलीच नव्हती!

ती "आप्पा, बोटं उचला!" म्हणेपर्यंत तिसरी फेरीही बरोबरीत संपली. मशीनच्या जुन्या कायद्यात बरोबरीला माफी नव्हती. पडद्यावर दोघांच्याही नावापुढे 'हरला' अशी पाटी आली आणि रडका बाजा वाजला.

कौशल्याबाई ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आल्या. "कोन जिंकलं?"

"दोघंबी हरले, वहिनी," परमेश्वरकाका म्हणाले.

"जावई हरला?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतीस! मी त्येला हातबी लावला न्हाई. मी तर हरायलाच बसलो हुतो!"

रविराज ताडकन उठला.

"म्हंजे मामा, तुमी मुद्दाम हरायलते? मी काय कुकुलं बाळ हाय?"

"आन् तुमी? तोंड पुढं करून हुबं ऱ्हायलेले, ते काय मिशी कापून घ्यायला?"

"मला हिनं सांगितलं हुतं!"

"मला हिच्या आईनं!"

सगळी बैठक राजनंदिनीकडे वळली. पण तिला लाज वाटायच्या ऐवजी आनंदच झाला. दिवाळीनंतर पहिल्यांदा हे दोघं एकमेकांच्या तोंडावर बोलत होते! तेही ओरडून!

"काका," ती म्हणाली, "तुमच्या घरी कीबोर्ड आहे ना? पळा. दोघांना दोन लागतील."

परमेश्वरकाका धोतर सावरत पळाले. दुसरा कीबोर्ड जोडला गेला. बद्रीनाथरावांनी बाह्या सारल्या, रविराजने घड्याळ काढून ठेवलं.

"आता दयामाया न्हाई, पाव्हणं."

"तुमी मागा, मी देत न्हाई, मामा."

मग जे झालं त्याला कुस्तीच म्हणावं लागेल. लाल पैलवान हवेत उडाला, निळ्याने त्याला खालच्या खाली झेललं, आळीने छत डोक्यावर घेतलं. "पायात घाल! पायात!" "आरं, मागून फिर!" कौशल्याबाईंनी जावयाला पाटावर यायला सांगून पाहिलं. तो येईना, म्हणून शेवटी त्यांनी त्याला खुर्चीतच, एका बाजूने ओवाळलं. तो ऐन वेळी डावीकडे झुकला आणि कुंकू कानाला लागलं. धोंडे राजनंदिनीने त्याला हाताने भरवले, कारण त्याचे दोन्ही हात गुंतले होते. मग आप्पांनीही तिच्यासमोर आ केला.

"तूप घाल जरा," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "आन् जावयाला जास्त घाल. लई दमविलंय त्यानं."

तिला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार.

धोंड्याचा दिवस उलटला, दुसराही उलटला. राजनंदिनीच्या कॉलेजात प्रवेशाचं काम सुरू होणार होतं. तिने पिशवी भरली, आईच्या पाया पडली आणि बैठकीत आली.

"चला, गाडी निघेल."

"मामाचा एक डाव फिटायचा राहिलाय," रविराज म्हणाला. "तू हो पुढं."

"पुढं? मी? आणि घरी काय सांगू?"

"सांग की, अधिक महिना हाय. जावयाला सोडत न्हाईत."

तिने वडिलांकडे पाहिलं. लाल पैलवान जमिनीवर पडला होता आणि निळा त्याच्यावर उडी घ्यायच्या बेतात होता. वाटेला लागणाऱ्या लेकीला बाप काहीतरी बोलेल, म्हणून ती उंबऱ्यात थांबली.

"नंदे," बद्रीनाथराव मान न वळवता म्हणाले, "जाताना दार वढून घे गं. पडद्यावर उजेड पडायलाय."