शंभर ओंजळींचं मडकं

बसा बाळांनो, आणि ते मोबाइल आधी खाली ठेवा. जंगल होतं एक. त्यात झुमरी नावाची खार राहायची. पदरात तीन पिल्लं. पावसाळ्यात चारोळ्या मिळायच्या नाहीत, म्हणून बिचारी उन्हाळाभर बेगमीच्या मागे.

साळिंदरशेठच्या दुकानावर पाटी होती, 'शंभर ओंजळी मावणारं मडकं!' झुमरीकडे चारोळ्या नेमक्या तेवढ्याच. घरातली दोन जुनी मडकी शेठला देऊन तिनं हे नवं आणलं.

भरायला बसली, तर अर्ध्या चारोळ्यांतच मडकं काठोकाठ! तळाशी चाचपलं, तर हाताला बेडूक लागला.

"अगं बाई! तू कोण रे मेल्या?"

"मी राखणदार. मडक्याबरोबरच येतो. मी आत नसलो तर झाकण उघडत नाही, ताई."

उरलेल्या चारोळ्या उघड्यावर. पाऊस आला की कुजणार. झुमरी तणतणत दुकानात गेली.

"शेठ, शंभर ओंजळी कुठायत?"

"आहेत की! उंदराच्या. कुणाची ओंजळ, ते तुम्ही विचारलंत कुठं?"

झुमरीच्या अंगाचा तिळपापड झाला. पिल्लांच्या तोंडचा घास होता तो! ती थेट अस्वलआजोबांच्या न्यायालयात गेली.

"पुरावा?" आजोबांनी विचारलं.

झुमरीनं सगळ्या चारोळ्या पुढ्यात ओतल्या.

"ह्या खऱ्याच कशावरून?" आजोबांनी बचकभर खाऊन पाहिल्या. "नीट कळत नाही. पुढची तारीख."

पुढच्या तारखेला पुन्हा चव घेतली. शेठ म्हणाला, "आम्हालाही तपासू द्या." त्यालाही न्याय हवाच ना? अशा तारखा पडत गेल्या, आभाळ भरून आलं.

शेवटी आजोबा म्हणाले, "हं, आता भरून दाखव."

झुमरीनं भरल्या. सगळ्या मावल्या. बेडकानं पाय लांब केले.

"तक्रार निकाली!" आजोबांनी ढेकर दिला. "तरी शेठनं पाटीखाली बारीक अक्षरात 'ओंजळ उंदराची' असं लिहावं. आणि झुमरीबाईंना पुढच्या मोठ्या मडक्यावर सूट द्यावी."

सगळ्या जंगलानं टाळ्या वाजवल्या.

"आई, जिंकलीस?" घरी पिल्लांनी विचारलं.

"जिंकले रे," झुमरी म्हणाली. तिला रडू येत होतं.

पिल्लांनी मडक्यात डोकावलं. आतून बेडूक म्हणाला, "या की! जागाच जागा आहे."

तात्पर्य : जागा कमी पडत असेल, तर खुशाल कोर्टात जावं. निकाल लागेपर्यंत ती पुरून उरते.